पेशंटशी नातं

"अँड यू आर?" काउंटरवरच्या मुलीनं विचारलं आणि माझं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. खरं तर किती साधा प्रश्न. दुपारचे अडीच वाजलेले, बाहेर लख्ख ऊन. मी दोन बस बदलून साउथहॅम्प्टनच्या या टोकाहून त्या टोकाला आलेली, पिशवीत नूलाचा वाचायचा चष्मा आणि थर्मासमध्ये भरपूर साखर घातलेला चहा. तिला आता तो गिळता येणार नाही हे मला ठाऊक होतं, तरी आणला होता. मुलीच्या छातीवर तनिषा अशी पाटी होती. चेहरा आपल्यातलाच, आजी-आजोबा सुरतेचे असतील नाहीतर राजकोटचे, म्हणून जरा धीर आला. तिच्यापुढच्या स्क्रीनवर एक रकाना रिकामा होता, पेशंटशी नातं. मी म्हटलं, "विहीण." ती नुसती हसली. मग मी म्हटलं, माझ्या मुलीच्या नवऱ्याची आई. आणि मग, उगाच खोटं कशाला म्हणून, आगाऊपणा करून पुस्ती जोडली, की म्हणजे आधीच्या नवऱ्याची, त्यांचा डिव्होर्स झालाय. तनिषाची बोटं की-बोर्डवर थांबली. "सो... फ्रेंड?" तिनं अगदी गोड आवाजात विचारलं, आणि मी काही बोलायच्या आत टाइप करून टाकलं. मग समजावलं, की पेशंटला आता साइड रूममध्ये हलवलंय, फॅमिलीला कधीही येता येईल, कितीही वेळ बसता येईल. फ्रेंड्सना मात्र अर्धा तास.

अर्धा तास. डोक्यात तिडीक गेली माझ्या. दर गुरुवारी चार ते सात आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात बसायचो, आणि इथे मला अर्धा तास म्हणे. पण मी पडले पुण्याची, काउंटरवर आवाज चढवणं आपल्या रक्तात नाही. आपण आतल्या आत खदखदतो आणि वरून 'थँक यू' म्हणतो. तसं म्हटलं आणि आत गेले. नूला झोपली होती, म्हणजे झोपेसारखंच काहीतरी. तोंड उघडं, एक गाल आत गेलेला, पांढरे केस उशीवर पसरलेले. श्वास मध्येच थांबायचा आणि मग काहीतरी आठवल्यासारखा पुन्हा सुरू व्हायचा. मी खुर्ची ओढून घेतली. तिचा हात हातात घेतला तेव्हा मनात पहिला विचार आला तो असा, की फ्रेंडनं पेशंटचा हात धरलेला चालतो की नाही. इतकं जिव्हारी लागलं होतं मला ते.

बारा वर्षांपूर्वी माझ्या कस्तुरीनं कॉनरला घरी आणलं आणि पाठोपाठ त्याची आई आली. सत्तरीकडे झुकलेली, उंच, मोठमोठ्या हातांची, रिटायर झालेली सुईण. मी तिची ओळख माझ्या धाकट्या बहिणीला, सुलक्षणाला, फोनवर करून देत होते, ही माझी होणारी विहीण. नूलानं ते ऐकलं आणि जाताना दारात मला मिठी मारून म्हणाली, "बाय, विहीन." पुढे तेच चालू राहिलं. भेटकार्डावर विहीन, फोनवर विहीन. मला वाटलं, शिकली बाई शब्द, फक्त ण जमत नाही. तीन वर्षांनी ख्रिसमसला तिनं विचारलं, वी हे कशाचं लघुरूप आहे गं? तेव्हा कुठे उलगडा झाला. त्यांच्या आयर्लंडमध्ये कशालाही 'ईन' लावलं की ते लहान होतं, लाडकं होतं. गर्ल म्हणजे मुलगी आणि गर्लीन म्हणजे छोकरी. हिला वाटलेलं, माझं घरातलं नाव वी असणार आणि प्रेमानं विहीन. पंचावन्न वर्षांच्या जाडजूड बाईला ही तीन वर्षं छकुले, छकुले म्हणत होती. मी तिला खरा अर्थ सांगितला, वराची आई आणि वधूची आई एकमेकींच्या कोण, तर विहिणी. नूलानं हातातला कप खाली ठेवला. म्हणाली, "एवढ्यासाठी तुमच्याकडे वेगळा शब्द आहे? आम्ही घरात अकरा भावंडं होतो गं, आणि आमच्याकडे नाही."

अकरा. आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयोमध्ये, दगडी कुंपणांची थोडी शेती आणि तीन खोल्यांचं घर. नूला भावंडांत आठवी. त्या घराची रचना तिनं मला टेबलावर बोटानं काढून दाखवली होती. मधली खोली चुलीची. चुलीशेजारच्या लाकडी बाकावर मार्टिनकाका झोपायचा, वयाच्या विसाव्या वर्षापासून मरेपर्यंत. त्याचं लग्न नाही, कारण जमीन त्याच्या भावाची. पश्चिमेच्या खोलीत आजी. मुलाचं लग्न झालं की म्हाताऱ्यांनी त्या खोलीत जायचं आणि चूल सुनेच्या ताब्यात द्यायची, असा रिवाज. पण आजी बरीच वर्षं हललीच नाही, म्हणून नूलाच्या बापाचं लग्न एकेचाळिसाव्या वर्षी झालं. मग त्यानं सगळी कसर भरून काढली म्हणून ती हसायची. अकरांतल्या थोरल्याला जमीन मिळाली, एक पाद्री झाला, एक नन. बाकीचे वयात आले की बोटीवर चढायचे, बोस्टन, लंडन, मेलबर्न. ही सतराव्या वर्षी निघाली, इकडे नर्सिंग शिकायला. एका बहिणीचा नवरा कामाला म्हणून बर्मिंगहॅमला गेला तो परतलाच नाही. त्यांच्याकडे तेव्हा घटस्फोटाचा कायदाच नव्हता. पंचवीस वर्षं ती बहीण त्याचं आडनाव लावून, ना सवाष्ण ना विधवा, अशी त्याच गावात राहिली. कायदा आला तेव्हा तिचे गुडघे गेलेले, म्हणाली, आता कशाला. आणि त्याच बहिणीच्या नातीनं पाच-सहा वर्षांपूर्वी गॉलवेत एका मुलीशी लग्न केलं. दोघी पांढऱ्या पोशाखात, आणि चर्चला एक रविवार न चुकवणाऱ्या म्हाताऱ्या मावश्या पहिल्या रांगेत टोप्या घालून. ननसुद्धा आली होती. "शी क्राइड द मोस्ट," नूला म्हणाली. मी विचारलं, तुला कसं वाटलं? म्हणाली, घर तेच आहे विहीन, माणसांनी खोल्या बदलल्या.

मला त्या वेळी ते पटलं होतं. त्या दिवशी साइड रूममध्ये बसले असताना पटेना. खोल्या बदलल्या म्हणे. माणसंच राहिली नाहीत की गं तुझी. नूलानं हजारो बाळंतपणं केली आणि तिला स्वतःला एकच मुलगा, तोही अडतिसाव्या वर्षी. कॉनरला मूल नाही. अकरावरून एक आणि एकावरून शून्य, दोन पिढ्यांत. आमचं तरी वेगळं काय? माझी आई सात भावंडांतली, आम्ही दोघी बहिणी, माझी कस्तुरी एकटी. कस्तुरी आणि कॉनर सात वर्षं एकत्र राहिले आणि मग एके दिवशी अगदी सभ्यपणे, सोफा कुणाचा आणि मांजर कुणाचं हे शांतपणे ठरवून, वेगळे झाले. भांडण नाही, आदळआपट नाही. मला तर वाटायचं, जरा भांडला असतात तर बरं झालं असतं. एखादं नातवंड असतं तर आम्ही दोघी त्याच्या आज्या म्हणून तरी उरलो असतो. तसं काही झालं नाही. डिव्होर्सनंतरच्या पहिल्या गुरुवारी मी जाऊ की नको करत तिच्या दारात उभी राहिले. नूलानं दार उघडलं आणि पहिलं वाक्य हे, "मला तो शब्द परत द्यावा लागेल का?" मी म्हटलं, छे, दिलेला शब्द आम्ही परत घेत नाही. ती म्हणाली, "देन कम इन, विहीन." मला तेव्हा पहिल्यांदा त्या 'न'मधला अर्थ ऐकू आला. विहीन म्हणजे नसलेली. पतिविहीन, संततिविहीन असतं तसं. तिला कधी सांगितलं नाही मी ते. काय सांगणार, की तू मला लाडानं हाक मारतेस आणि माझ्या भाषेत ती रिकामी होते?

कस्तुरीला हे गुरुवार कळायचे नाहीत. ती आता लेस्टरला असते, नव्या जोडीदाराबरोबर. मराठी बोलते, पण तिचं लिंगाचं गणित पहिल्यापासून कच्चं. "आई, तू का जातो तिकडे? माझा लग्न संपला ना," असं म्हणते. मी म्हणते, जातेस, आणि लग्न संपलं. ती म्हणते, "एक्झॅक्टली, संपलं." मी तिला एकदाच म्हटलं, अगं, लग्न तुमचं होतं, ते तुम्ही मोडलंत, विहीणपण आमचं होतं, ते आम्हाला कुणी विचारलं? ती म्हणाली, "आई, डोन्ट बी ड्रॅमॅटिक." बरोबर आहे तिचं. पण एक खरं सांगते, आमच्याकडे शब्द आहे म्हणून मी जो तोरा मिरवायचे त्यातही काही दम नाही. विहिणीचं सुतक नसतं आपल्याकडे. शब्द दिलाय, दुःखाला दिवस मात्र एकही दिलेला नाही.

पण मुख्य गोष्ट राहिलीच. ती मी टाळते आहे हे माझं मलाच कळतंय. गेल्या जानेवारीत नूलाला कळलं की आता फार नाही. त्या गुरुवारी तिनं चहा ओतता ओतता मला सांगितलं, तिला मेल्यावर एक रात्र घरी आणायचं. पुढच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीजवळ. त्यांच्याकडे त्याला वेक म्हणतात. माणूस गेलं की त्याला आंघोळ घालून, चांगले कपडे घालून घरात ठेवतात आणि पुरण्याआधी एक रात्र सगळे त्याच्याभोवती बसतात. शेजारीपाजारी येतात, चहा होतो, सँडविचेस होतात, त्या माणसाच्या गमती सांगून हसतातसुद्धा. एकच नियम, गेलेल्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. तिच्या आईला पाच बहिणींनी मिळून आंघोळ घातली होती, एकीनं एक हात, दुसरीनं दुसरा. "अकरा जणांच्या घरात जन्मले," ती म्हणाली, "आयुष्यात पहिल्यांदा एकटी झोपले ती या देशात, नर्सेसच्या होस्टेलवर. सतरा वर्षांची होते. इतकी भीती मला नंतर कधी वाटली नाही. पुन्हा ती नको. कॉनरला मी सांगायला गेले की तो विषय बदलतो. तू सांग त्याला. तुझं ऐकतो तो." मी म्हटलं, सांगेन. ती म्हणाली, "प्रॉमिस?" मी म्हटलं, अगं हो, विहीण आहे मी तुझी. आणि सांगितलं नाही. जानेवारीत नाही, फेब्रुवारीत नाही. वाटायचं, एवढी घाई काय आहे, तो बिचारा न्यूकॅसलला एकटा राहतो, फोनवर कसं काढायचं हे. भेटला की सांगू.

तर त्या दुपारी मी नूलाच्या उशाशी बसले होते आणि अर्धा तास संपायला आला होता. एक नर्स दारातून दोनदा डोकावून गेली. तिच्या मनात काही नसेलही, पण मला वाटलं, घड्याळ बघतेय. मी उठले, कॉरिडॉरमध्ये आले आणि फोन वाजला. कॉनर. ट्रेनमध्ये होता, यॉर्कच्या पुढे कुठेतरी गाडी थांबून राहिली होती, आवाज तुटत होता. आईची चौकशी केली. मग म्हणाला, "मंजिरी, एक विचारायचं होतं." इंग्रजीतल्या त्याच्या 'यू'चं मी मनात नेहमी तुम्ही करून घेते, जावई होता तेव्हापासून. "मम् तुम्हाला कधी काही बोलली होती का? म्हणजे, नंतरचं? तिला कसं हवं होतं? मला कुणाला विचारायचं कळत नाहीये." इतकं सरळ विचारलं त्यानं. देवानं ताटात वाढून समोर ठेवलं होतं. आणि माझ्या डोक्यात तो स्क्रीन होता आणि त्यावर टाइप झालेला तो शब्द. मी म्हणाले, "मला काहीच माहीत नाही, कॉनर. आय अ‍ॅम ओन्ली अ फ्रेंड. हे फॅमिलीनं ठरवायचं." तो म्हणाला, "ओह. ओके. नाही, बरोबर आहे, सॉरी." फोन कट झाला, त्यानं केला की रेंज गेली कुणास ठाऊक. मी बसस्टॉपवर आले. मनात अगदी गार वाटत होतं, घ्या, म्हटलं, आता घ्या. कुणाला म्हणत होते मी हे? तनिषाला? ती बिचारी तिचं काम करत होती. कॉनरनं काय केलं होतं माझं? मला तेव्हा फक्त हवं होतं की त्यानं पुन्हा फोन करावा आणि म्हणावं, असं काय म्हणता, तुम्ही घरच्याच आहात. त्यानं केला नाही. त्याची आई मरत होती, त्याला कुठे सुचणार होतं हे.

नूला दुसऱ्या दिवशी पहाटे गेली. रात्रभर गाड्या रखडत कॉनर पोचला तो पाऊण तास उशिरा. दहाच्या सुमारास त्याचा मला फोन आला. आवाज अगदी व्यवस्थित, कामावरच्या मीटिंगमध्ये असतो तसा. म्हणाला, सगळं ठरवून टाकलं, डायरेक्ट क्रिमेशन. मला ते आधी कळलं नाही, मग त्यानं समजावलं. कंपनी हॉस्पिटलमधूनच नेते. घरी आणणं नाही, सर्व्हिस नाही, कुणी जायचंही नसतं. पुढच्या आठवड्यात कधीतरी होईल, दुसऱ्याच कुठल्यातरी गावाजवळ, आणि नंतर अस्थी पोस्टानं. "तिनं तुमच्याकडे पण काही सांगून ठेवलेलं नाही, तर मला वाटलं, साधंच बरं. नो फस." तेव्हा बोलता आलं असतं. नऊ दिवस होते त्यानंतर, मी मोजलेत. कंपनीला फोन करून थांबवता आलं असतं, माझ्या पुढच्या खोलीत आणता आलं असतं तिला, खुर्च्या आहेत माझ्याकडे चिक्कार. पण आता सांगायचं म्हणजे आदल्या दिवशी खोटं बोलले हेही सांगायला हवं. रोज सकाळी ठरवायचे, आज करते. रोज काहीतरी निघायचं, डेंटिस्ट, गॅसवाला, बागेतलं गवत. राग कधीच उतरला होता, आता नुसती भीती होती. लहान मुलानं फुटलेली बरणी कपाटामागे लपवावी तसे ते नऊ दिवस मी काढले. चौसष्ट वर्षांची बाई मी. दहाव्या दिवशी कॉनरचा मेसेज आला, आज सकाळी नऊ वाजता झालं. मी तो वाचला आणि फोन उपडा ठेवून दिला. रडूही आलं नाही, कारण रडायचा हक्क मी माझ्या हातानं घालवला होता असं वाटत होतं.

त्या शनिवारी कॉनर माझ्याकडे आला. आईचं घर आवरायला आला होता, सकाळपासून एकटाच खपत होता. दाढी वाढलेली, अंगाला कपाटांचा वास. मी पोहे केले, त्याला आवडायचे. त्यानं दोन घास खाल्ले आणि चमचा बाजूला ठेवला. म्हणाला, "सगळीकडून फोन येतायत. मेयोमधून, बोस्टनहून, ज्यांना मी आयुष्यात बघितलेलंही नाही असे कझिन्स. सगळ्यांचा एकच प्रश्न, वेक कधी आहे. विमानं शोधून ठेवली होती लोकांनी. मी सांगतोय, मम् ला तसलं काही नको होतं." मग माझ्याकडे बघून, अगदी लहान आवाजात, "नको होतं ना?"

मी गॅसकडे तोंड करून उभी होते. तशीच म्हणाले, "हवं होतं, कॉनर. तिनं मला सांगितलं होतं. जानेवारीत." मग मला वळावंच लागलं. त्याच्यासमोर बसून सगळं सांगितलं, पुढची खोली, खिडकी, चहा, एकटं न सोडणं, होस्टेलवरची ती सतरा वर्षांची मुलगी, सगळं. "मी विचारलं होतं तुम्हाला," तो म्हणाला. "ट्रेनमधून. व्हाय डिडंट यू से?" आणि मी शब्द शोधायला लागले. रुसले होते मी, दुसरं काही नाही. पण रुसण्याला इंग्रजीत काय म्हणायचं? आय वॉज हर्ट म्हटलं असतं तर त्यात दुसऱ्या कुणाचा तरी दोष आला असता. अँग्री म्हटलं असतं तर ते फारच मोठं वाटलं असतं. "आय वॉज सल्किंग," मी शेवटी म्हटलं. शाळकरी पोरांसाठी वापरतात तो शब्द. "हॉस्पिटलमध्ये त्यांनी मला फ्रेंड लिहिलं. मला राग आला आणि तो मी तुझ्यावर काढला. तिच्यावर काढला."

तो ओरडेल असं वाटलं होतं मला. ओरडला असता तर फार बरं झालं असतं. तो बशीच्या कडेवरून बोट फिरवत राहिला, एक फेरी, दुसरी फेरी. हातांची ठेवण थेट आईसारखी होती त्याची, मी कधी लक्षच दिलं नव्हतं. मग म्हणाला, "तिला कपडे कोणी घातले असतील, मंजिरी? त्या कंपनीत?" बोट बशीवर थांबलं. "बाई असेल ना? आणि गाडीत तिच्याबरोबर कुणी बसतं का? तेवढा वेळ, नऊ दिवस, कुणी होतं का तिथे?"

"माहीत नाही," मी म्हणाले, आणि या वेळी ते खरं होतं.